अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपण हक्कांचे वाढते मूल्य

प्रस्तावना

'महाविद्यालयीन क्रीडा' हे शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. प्रवेशाच्या वेळी भरावयाचे जिमखाना शुल्क, शारीरिक शिक्षण संचालकांची धावपळ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ आणि त्या संघाचा रेल्वेने होणारा लांबचा प्रवास. मैदानाभोवती प्रेक्षक असतात ते बहुधा खेळाडूंचे वर्गमित्र. क्रीडा हा महाविद्यालयाच्या खर्चाचा भाग आहे, उत्पन्नाचा नव्हे, हे येथे गृहीतच धरलेले असते.

हे चित्र मनात ठेवून अमेरिकेकडे पाहिले तर तेथील व्यवहाराचा अर्थच लागत नाही. तेथे काही विद्यापीठांची मैदाने १ लाखाहून अधिक प्रेक्षक सामावून घेतात. फुटबॉलच्या प्रशिक्षकाचे वेतन कुलगुरूंच्या वेतनाच्या कित्येक पट असते. विद्यार्थ्यांचे सामने दाखविण्याच्या हक्कांसाठी दूरचित्रवाणी कंपन्या शेकडो कोटी डॉलर मोजतात. (येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे परिचित असलेला फुटबॉल नसून लांबट चेंडूने, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा अमेरिकन खेळ होय.) विशेष म्हणजे ज्यांच्या खेळामुळे हा पैसा उभा राहतो त्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत या हक्कांच्या उत्पन्नातून थेट वाटा देण्यास नियमानेच मनाई होती. प्रस्तुत लेखात या हक्कांचे मूल्य कसे वाढत गेले, ते कोणी ठरविले आणि त्याचा भार कोणावर पडला, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रक्षेपणाची भीती

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणारी प्रमुख संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, अर्थात एनसीएए. फुटबॉलच्या सामन्यांत विद्यार्थ्यांचे होणारे मृत्यू हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता. अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातल्यानंतर १९०६ मध्ये ही संस्था अस्तित्वात आली. तिचा मूळ हेतू खेळ सुरक्षित करणे हा होता. व्यापाराशी तिचा संबंध नंतर आला, आणि तोही प्रथम व्यापार रोखण्याच्या निमित्ताने.

महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना दूरचित्रवाणीवर दिसला तो ३० सप्टेंबर १९३९ रोजी. फोर्डहॅम आणि वेन्सबर्ग यांच्यातील हा सामना न्यूयॉर्क परिसरातील मोजक्या संचांपुरताच मर्यादित होता. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९४० पासून आपल्या मैदानावरील सामने दाखविण्यास प्रारंभ केला. महायुद्धानंतर घरोघरी संच येऊ लागले आणि विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना धास्ती वाटू लागली. सामना घरबसल्या फुकट दिसणार असेल तर तिकीट कोण काढील? त्या काळी तिकीटविक्री हाच उत्पन्नाचा प्रमुख मार्ग असल्याने ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

१९५१ मध्ये एनसीएएने प्रक्षेपणावर निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ते मानण्यास नकार दिला. त्यावर एनसीएएने या विद्यापीठाला शिस्तभंग करणारा सभासद ठरविले आणि इतर विद्यापीठांनी त्याच्याशी सामने खेळण्यास नकार देण्याची तयारी चालविली. ज्याच्याशी कोणी खेळणारच नाही त्याच्या प्रक्षेपण हक्काला किंमत ती काय! विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. या एका प्रसंगातून एनसीएएला आपल्या सामर्थ्याचा साक्षात्कार झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९५२ पासून देशभरातील महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रक्षेपण एनसीएए ठरवील तेवढेच आणि ठरवील त्याच वाहिनीवर होऊ लागले. पहिला करार एनबीसीशी झाला. त्याची रक्कम सुमारे ११ लाख डॉलर होती. वॉल्टर बायर्स हे १९५१ ते १९८७ या काळात या संस्थेचे कार्यकारी संचालक होते, आणि ही व्यवस्था प्रामुख्याने त्यांच्याच कारकिर्दीत दृढ झाली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तिकीटविक्री वाचविण्यासाठी घातलेला निर्बंध हळूहळू प्रक्षेपणाची किंमत चढी ठेवणारा निर्बंध झाला. आठवड्याला एक-दोनच सामने दिसणार असतील तर त्या सामन्यांसाठी जाहिरातदार अधिक मोजणार, हे उघड आहे. मूळ कारण मागे पडले आणि व्यवस्था तशीच राहिली.

१९८४ चा निकाल

या व्यवस्थेत मोठ्या विद्यापीठांची कुचंबणा होत होती. १९८२ ते १९८५ या काळासाठी एबीसी आणि सीबीएस या दोन वाहिन्यांनी प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे मान्य केले होते. तथापि कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येता येत नसे, आणि त्यांपैकी राष्ट्रीय प्रक्षेपणे चारपेक्षा अधिक असू शकत नसत. पैशाच्या वाटपाची तऱ्हा तर याहून चमत्कारिक होती. १९८१ मध्ये एकाच आठवड्याच्या अखेरीस ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा सामना २०० हून अधिक केंद्रांवरून, तर सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट हा सामना केवळ चार केंद्रांवरून दाखविण्यात आला. चारही संघांना मिळालेली रक्कम मात्र सारखीच होती.

लहान संस्थांच्या दृष्टीने पाहिले तर ही समता होती. ओक्लाहोमाच्या दृष्टीने हा अन्याय होता. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांनी १९७७ मध्ये कॉलेज फुटबॉल असोसिएशन नावाची स्वतंत्र संघटना स्थापन केली होती. १९८१ मध्ये तिने एनबीसीशी परस्पर वाटाघाटी केल्या तेव्हा एनसीएएने कारवाईचा इशारा दिला. हा इशारा केवळ फुटबॉलपुरता नव्हता, इतर खेळांतही या विद्यापीठांवर कारवाई होऊ शकणार होती. अखेर ओक्लाहोमा विद्यापीठाचे संचालक मंडळ आणि जॉर्जिया विद्यापीठाची क्रीडा संघटना यांनी न्यायालयाचा मार्ग धरला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, परस्परांचे स्पर्धक असलेल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन विक्रीयोग्य सामन्यांची संख्या मर्यादित करणे आणि किंमत ठरविणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. व्यावसायिक संघांना १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने एकत्रितपणे हक्क विकण्याची सवलत दिली होती, परंतु महाविद्यालयीन क्रीडेला ती लागू नव्हती. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली आणि न्यायमूर्ती रेनक्विस्ट त्यांच्याशी सहमत झाले. व्हाइट हे स्वतः १९३० च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. एनसीएएला निव्वळ व्यापारी संस्थेच्या मापाने मोजणे चूक आहे, प्रक्षेपणावरील निर्बंध शिक्षण आणि हौशी खेळ यांचा मेळ राखण्यासाठी आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

कायद्याच्या दृष्टीने बहुमताचा निकाल निर्दोष वाटतो. पुढील चार दशकांत जे घडले ते पाहता व्हाइट यांची चिंता मात्र निराधार नव्हती, असेही म्हणावे लागते.

निकालाचा तात्कालिक परिणाम कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे झाला नाही. बंधन सुटताच सामन्यांचे अमाप पीक आले. शनिवारी दिवसभर वेगवेगळ्या वाहिन्यांवर सामने दिसू लागले आणि प्रत्येक सामन्याची किंमत उतरली. पुरवठा वाढला की भाव पडतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा ज्यांनी खटला जिंकला त्यांनाच गिरवावा लागला. तथापि हक्क आता एनसीएएकडून विद्यापीठांकडे आणि व्यवहारात त्यांच्या कॉन्फरन्सकडे आले होते. एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या प्रादेशिक समूहाला तेथे कॉन्फरन्स म्हणतात. फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा पैसा एनसीएएकडे जातो, असा समज आपल्याकडील लिखाणात अनेकदा आढळतो. १९८४ नंतर मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत तो खरा नाही.

१९९० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने सहकाऱ्यांची साथ सोडून एनबीसीशी स्वतंत्र करार केला. १९९१ पासूनच्या पाच वर्षांसाठी त्याला ३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. ज्यांनी एनसीएएच्या एकत्रित विक्रीविरुद्ध बंड केले त्यांची स्वतःची एकत्रित विक्रीही फार काळ टिकली नाही. एकेक कॉन्फरन्स बाहेर पडत गेली आणि १९९७ मध्ये कॉलेज फुटबॉल असोसिएशन विसर्जित झाली.

बास्केटबॉल आणि एनसीएए

एनसीएएच्या हाती उरला तो बास्केटबॉल. पुरुषांची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा दरवर्षी मार्च महिन्यात सुरू होते, आणि आजही संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा या एका स्पर्धेतून येतो. १९७९ च्या अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड समोरासमोर आले आणि स्पर्धेची लोकप्रियता एका वेगळ्याच पातळीवर पोहोचली. १९८२ पासून सीबीएसने हे हक्क तीन वर्षांसाठी ४ कोटी ८० लाख डॉलरना घेतले. १९९१ पासूनच्या सात वर्षांसाठी हीच रक्कम १०० कोटी डॉलर झाली. १९९९ मध्ये ठरलेला, २००३ पासून लागू झालेला ११ वर्षांचा करार ६०० कोटींचा होता. २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर यांनी मिळून १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलर देऊ केले, आणि २०१६ मध्ये आणखी ८८० कोटी डॉलर देऊन हा करार २०३२ पर्यंत वाढविण्यात आला. वार्षिक सरासरी काढली तर १९८२ मधील १ कोटी ६० लाख डॉलरवरून वाढीव कालावधीत ११० कोटी डॉलर, अशी ही झेप आहे. महागाईचा हिशेब धरूनही ती असाधारणच ठरते.

या पैशाच्या वाटपासाठी 'युनिट' नावाची पद्धत आहे. कॉन्फरन्सच्या संघाने स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांनुसार त्या कॉन्फरन्सच्या नावे युनिट जमा होतात आणि त्यांची रक्कम पुढील सहा वर्षे मिळत राहते. एका युनिटचे सहा वर्षांचे मूल्य साधारणतः २० लाख डॉलरच्या घरात असते. एखाद्या लहान महाविद्यालयाच्या संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला अनपेक्षितपणे हरविले की तेथील वृत्तपत्रे त्याला परीकथा म्हणतात. त्या परीकथेच्या मागे कॉन्फरन्सच्या कोषाध्यक्षाचा हा हिशेबही असतो.

मूल्य वाढण्याची कारणे

महाविद्यालयीन सामन्यांत या काळात असे काय बदलले की त्यांची किंमत इतकी वाढावी? खेळ तोच होता, बदलले ते दूरचित्रवाणीचे अर्थकारण.

७ सप्टेंबर १९७९ रोजी ईएसपीएन ही चोवीस तास क्रीडा दाखविणारी वाहिनी सुरू झाली. अशा वाहिनीला रात्रंदिवस काहीतरी दाखवावे लागते, आणि महाविद्यालयांकडे सामन्यांचा अखंड साठा होता. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे केबलची वर्गणी. जुन्या वाहिन्या जाहिरातींवर जगत, केबल वाहिनीला मात्र जाहिरातींबरोबर प्रत्येक जोडणीमागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते. ग्राहक ती वाहिनी पाहतो की नाही, याच्याशी त्या रकमेचा संबंध नसतो. ज्या घरात कोणीही फुटबॉल पाहत नाही ते घरही अशा रीतीने फुटबॉलचा खर्च उचलत असते.

हे गणित बिग टेन कॉन्फरन्सने अचूक ओळखले. ऑगस्ट २००७ मध्ये तिने फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली. वाहिनी सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, १ सप्टेंबर रोजी, तिच्यावर मिशिगनचा सामना दाखविण्यात आला आणि त्यात मिशिगनला एका कनिष्ठ गटातील संघाने ३४-३२ असे हरविले. तो संघ होता अ‍ॅपलाचियन स्टेट, म्हणजे १९८१ मध्ये चार केंद्रांवर दिसलेला तोच संघ. वाहिनीची अशी जाहिरात पैसे देऊनही झाली नसती. कॉन्फरन्सच्या क्षेत्रात येणाऱ्या राज्यांत या वाहिनीचा दर जोडणीमागे अधिक असे. त्यामुळे २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स ही विद्यापीठे कॉन्फरन्समध्ये आली तेव्हा त्यांच्या संघांच्या गुणवत्तेपेक्षा वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क परिसरातील केबलधारक घरांची संख्या अधिक निर्णायक ठरली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. टेक्सास विद्यापीठाने तर २०११ मध्ये ईएसपीएनबरोबर केवळ स्वतःपुरती वाहिनी काढली. तो २० वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार होता. तो शेजाऱ्यांना सहन झाला नाही आणि २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठ दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेले.

पुढे केबलचा पाया खचू लागला. प्रेक्षक जोडण्या तोडून इंटरनेटवरील सेवांकडे वळले, मालिका आणि चित्रपट सवडीने पाहू लागले. अशा वेळी हक्कांची किंमत उतरेल असे वाटणे स्वाभाविक होते, परंतु घडले उलटेच. मालिका उद्या पाहता येते, सामना मात्र ज्या क्षणी चालू असतो त्याच क्षणी पाहिला जातो. जाहिराती ओलांडून पुढे न जाणारा मोठा प्रेक्षकवर्ग आता प्रामुख्याने क्रीडा सामन्यांनाच उरला होता. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या आठवड्यातील प्रमुख सामन्यासाठी सीबीएस वर्षाला सुमारे ५.५ कोटी डॉलर देत असे. २०२४ पासून त्यासाठी ईएसपीएन वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर देईल, असे कराराच्या वेळी प्रसिद्ध झाले. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांशी केलेला सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरच्या वर होता. फुटबॉलच्या राष्ट्रीय बाद फेरीसाठी ईएसपीएनने २०२४ मध्ये सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर मान्य केले. या रकमेपैकी निम्म्याहून अधिक हिस्सा बिग टेन आणि साउथईस्टर्न या दोनच कॉन्फरन्सकडे जाईल, अशी वाटणी ठरलेली आहे.

नकाशाची उलथापालथ

कॉन्फरन्सच्या रचनेला एके काळी भूगोलाचा आधार होता. जवळची विद्यापीठे एकमेकांशी खेळत, प्रवास थोडा असे आणि जुन्या वैराची गोडीही असे. हक्कांच्या किमतीने हा भूगोल मोडीत काढला. ओक्लाहोमा आणि टेक्सास यांनी २०२१ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाट धरण्याचे ठरविले, तर लॉस एंजेलिसमधील दोन प्रमुख विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. मूळ १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पॅक-१२ कॉन्फरन्सला यानंतर समाधानकारक प्रक्षेपण करार मिळू शकला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे बिग टेनमध्ये गेली आणि इतरांची धावाधाव झाली. १२ पैकी १० सभासद निघून गेले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच विद्यापीठे मागे राहिली. त्यांचा दोष एवढाच की ती मोठ्या महानगरांपासून दूर होती. पुढे बाहेरून नवे सभासद घेऊन या कॉन्फरन्सची पुनर्रचना हाती घेण्यात आली.

आता बिग टेनमध्ये १८ विद्यापीठे आहेत, आणि अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आहे. नावांतील ही विसंगती कोणाला खटकत असल्याचे दिसत नाही. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर त्या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळावा म्हणून प्रक्षेपण उत्पन्नातील आपल्या वाट्यावर नऊ वर्षे पाणी सोडण्याची तयारी दाखविली.

या उलथापालथीचा हिशेब नेहमी फुटबॉलच्या भाषेत मांडला जातो. परंतु विद्यापीठ कॉन्फरन्स बदलते तेव्हा बहुधा त्याचे इतर संघही सोबत जातात. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉलपटू विद्यार्थिनीला आता न्यू जर्सीतील रटगर्सशी खेळावयास जावे लागते. एका दिशेचे हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दुबई अंतराच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि घड्याळात तीन तासांचा फरक आहे. फुटबॉलचा संघ हंगामात डझनभर सामने, तेही बहुतेक शनिवारी आणि खास विमानाने जाऊन खेळतो. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या खेळाडूंचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांतही येतात. त्यांच्या खेळाला प्रक्षेपणाचे मूल्य जवळजवळ नाही, पण त्या मूल्यापायी बुडणारे वर्ग मात्र त्यांचेच असतात.

वेळापत्रकाचीही तीच कथा आहे. सामना कोणत्या वेळी सुरू होणार हे विद्यापीठ नव्हे, वाहिनी ठरविते, आणि अनेकदा ते १२ किंवा ६ दिवस आधीच कळते. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधील मध्यम आकाराच्या विद्यापीठांना शनिवारी पडद्यावर जागा मिळत नाही. म्हणून ती नोव्हेंबरमध्ये मंगळवारी आणि बुधवारी रात्री, थंडीत, रिकाम्या आसनांसमोर खेळतात. तिकीटविक्री वाचविण्यासाठी १९५१ मध्ये प्रक्षेपण रोखणाऱ्या व्यवस्थेचे हे दुसरे टोक म्हणावे लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कोण हजर असते, हा प्रश्न तेथील प्राध्यापक विचारतात, पण करारपत्रावर त्यांची स्वाक्षरी लागत नाही.

पैसा कोठे जातो

या उत्पन्नातून ग्रंथालये उभी राहत असतील, असा समज बाळगण्याचे कारण नाही. सामान्यतः क्रीडा विभागाचा पैसा क्रीडा विभागातच खर्च होतो, आणि तरीही बहुसंख्य विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचा खर्च त्यांनी स्वतः मिळविलेल्या उत्पन्नापेक्षा अधिक असतो. स्पर्धेत टिकण्यासाठी नवी व्यायामशाळा, नवी सरावगृहे, अधिक महागडा प्रशिक्षक असे चक्र चालू राहते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी दूर केले तेव्हा कराराप्रमाणे त्याला ७.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे भाग पडले. ही रक्कम काम करण्याबद्दल नव्हती, काम थांबविण्याबद्दल होती. खेळाडूंना वेतन देता येत नसल्याने बाजारात आलेला पैसा ज्यांना देता येतो त्यांच्याकडे वाहत गेला, एवढाच याचा अर्थ.

खेळाडूंचा वाटा

१९८४ च्या निकालात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी जाता जाता असेही नमूद केले होते की, महाविद्यालयीन क्रीडेचे वैशिष्ट्य टिकविण्यासाठी खेळाडूंना मोबदला न देणे आवश्यक आहे. खटल्याचा तो मुद्दाच नव्हता. तरीही एनसीएएने या विधानाचा पुढे जवळजवळ ३७ वर्षे ढालीसारखा वापर केला. विद्यापीठांना बाजार खुला करून देणाऱ्या निकालानेच विद्यार्थ्यांसाठी तो बंद ठेवला, हा या इतिहासातील सर्वांत मोठा विरोधाभास होय. 'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञा रूढ करणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ मधील आपल्या आठवणींच्या पुस्तकात, याच व्यवस्थेवर कठोर टीका केली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

२००९ मध्ये एड ओ'बॅनन या माजी बास्केटबॉलपटूने खटला दाखल केला. त्याचे मूळ कारण एका व्हिडिओ गेममध्ये त्याच्यासारखाच दिसणारा खेळाडू वापरल्याचे होते, परंतु वाद लवकरच प्रक्षेपणाच्या उत्पन्नापर्यंत पोहोचला. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या आणि १९८४ मधील ते ओझरते विधान बंधनकारक नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा यांच्या जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली.

प्रक्षेपण हक्कांचा प्रश्न सुटला तो हाउस खटल्यात. हा खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ग्रँट हाउस हा अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार मागील वर्षांतील खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई दहा वर्षांत द्यावयाची आहे. तसेच २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना ठरावीक मर्यादेपर्यंत थेट वाटा देऊ शकते; २०२५-२६ साठी ही कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. ही मर्यादा मोठ्या कॉन्फरन्समधील विद्यापीठांच्या ठरावीक उत्पन्नाच्या सरासरीवरून काढलेली असून त्यात प्रक्षेपण हक्कांचा समावेश होतो.

हा न्याय म्हणावा, पण उशिरा मिळालेला आणि असमान. एनसीएएच्या वाट्याच्या भरपाईचा मोठा भाग सभासदांना होणाऱ्या वार्षिक वाटपात कपात करून उभारला जात आहे. त्यामुळे ज्या लहान कॉन्फरन्स या खटल्यात प्रतिवादी नव्हत्या आणि ज्यांना फुटबॉलच्या कोट्यवधींचा वाटा कधीच मिळाला नाही, त्यांनाही झळ बसते. भरपाईचा बहुतांश भाग पुरुष फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंकडे जातो. हे वाटप १९७२ च्या लिंगभेदविरोधी कायद्याशी, म्हणजे 'टायटल नाइन'शी, विसंगत असल्याच्या कारणावरून काही महिला खेळाडूंनी जून २०२५ मध्येच अपील दाखल केले.

त्यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणारा नाही. प्रक्षेपणाचे मूल्य ही काही निसर्गदत्त गोष्ट नव्हे, ते विक्री कशी होते यावरही अवलंबून असते. महिलांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क एनसीएएने अनेक वर्षे इतर डझनावारी स्पर्धांसोबत एकाच गठ्ठ्यात विकले. २०२१ मध्ये महिला खेळाडूंना दिलेल्या अपुऱ्या व्यायामसाहित्याची चित्रफीत सर्वत्र पसरल्यानंतर एनसीएएला बाहेरच्या विधिसंस्थेकडून चौकशी करून घ्यावी लागली. त्या अहवालाने महिलांच्या स्पर्धेचे हक्क स्वतंत्रपणे विकल्यास २०२५ मध्ये त्यांचे मूल्य वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर असू शकेल, असा अंदाज वर्तविला. तरीही जानेवारी २०२४ मध्ये ४० स्पर्धांचा गठ्ठा पुन्हा ईएसपीएनलाच आठ वर्षांसाठी ९२ कोटी डॉलरना देण्यात आला, आणि त्यात महिला बास्केटबॉलचे मूल्य वर्षाला सुमारे ६.५ कोटी डॉलर धरण्यात आले. त्यानंतर तीनच महिन्यांनी साउथ कॅरोलिना विरुद्ध आयोवा हा महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याची प्रेक्षकसंख्या त्या वर्षी सुमारे १ कोटी ४८ लाख होती. महिलांच्या स्पर्धेसाठी 'युनिट' पद्धतीने पैसे वाटण्यास एनसीएएने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. ईएसपीएनबरोबरचा तो करार २०३२ पर्यंत चालणार आहे.